अठ्ठावीस रुपयांचं तांबं

एप्रिलमधला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम पस्तीस हजार सातशे रुपये, चेकने. ठिकाण आमच्या मोटारींच्या कारखान्यातली तांब्याची खोली. हजर माणसं पाच: माझे वडील नाना, कंपनीतले दुसरे डायरेक्टर वसंतभाऊ, नानांची थोरली बहीण आक्का, स्टोअर सांभाळणारे युसूफचाचा आणि मी. चेक लिहून झाला होता, त्यावर वसंतभाऊंची सही होती, आणि तो आक्काने घ्यायचा होता. तिने हात पुढे केला नाही. तिथवर गोष्ट कशी आली त्यात माझा मोठा हात होता, म्हणून आधी ते सांगते.

आम्ही जळगावात राहायचो. नाना आणि वसंतभाऊ यांनी मिळून विहिरीत सोडायच्या पाणबुडी मोटारींचा एक छोटा कारखाना काढला होता. केळीला पाणी लागतं आणि पाण्याला मोटर लागते, एवढ्या एका भरवशावर. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, शंभर रुपयांचा एक असे एक हजार शेअर. चारशे नानांचे, तीनशे वसंतभाऊंचे, दीडशे आक्काचे आणि उरलेले दीडशे दहा-बारा जणांत विखुरलेले. त्यात युसूफचाचांचेही दहा होते. एका वर्षी बोनस द्यायला पैसे नव्हते म्हणून नानांनी त्यांना शेअर दिले होते. आक्काचे पैसे कंपनी सुरू होतानाचे. तिचे यजमान धुळ्याला सूतगिरणीत होते, त्यांनी सगळी शिल्लक मेव्हण्याच्या हवाली केली आणि चार वर्षांत ते वारले. आक्का धुळ्यात दिराच्या घरी मागच्या खोलीत राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या नावाची जागा. मेहरूणला तलावाच्या अलीकडे प्लॉट पडत होते, त्यातला एक तिने पाहून ठेवला होता. किंमत एक्कावन्न हजार. त्यासाठी ती शेअर विकायला निघाली होती.

त्या वर्षी ती मार्चच्या शेवटी आमच्याकडे आली ती बिबड्यांसाठी. आमच्याकडे ज्वारीचे बिबडे उन्हाळ्यात करतात. ज्वारी भिजवून, दळून, मोठ्या पातेल्यात शिजवायची, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि तो गरम घाटा ओल्या फडक्यावर थापून गच्चीत वाळत घालायचा. पहाटेपासून घर त्या वाफेच्या वासाने भरलेलं असे. आक्का थापायची, आई शिजवायची, मी पातेलं वर नेऊन द्यायची. घाटा थापण्याआधी वाटीत घेऊन वर कच्चं तेल ओतून खायचा. त्या खाण्यापुढे मला अजून कुठलं पक्वान्न सुचत नाही. मागच्या वर्षीचे बिबडे एका पत्र्याच्या डब्यात उरलेले होते. आईचा नियम कडक होता. डब्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर वर्ष, आणि जुना डबा रिकामा झाल्याशिवाय नव्याचं झाकण उघडायचं नाही. लोणचं, पापड, हळद, तिखट, सगळ्याला तोच नियम. मी त्या नियमात वाढले. आजही माझ्या फ्रीजमध्ये दुधाची कालची पिशवी पुढे असते आणि आजची मागे, आणि सून हसते.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आकडे मला लहानपणापासून आवडायचे. कुणाची बेरीज चुकलेली दिसली की मला दातात काही अडकल्यासारखं व्हायचं. नाना दर वर्षी मार्चअखेरचं मालाचं पत्रक स्वतः करायचे, पण त्या वर्षी शिरपूरकडच्या एका सहकारी सोसायटीच्या बारा मोटारी बसवायच्या होत्या. जाताना ते मला म्हणाले, ‘‘युसूफ मोजी दी. तू बिलं पाही लिजो नि किंमत टाकी ठेव. मी यीसन पाहस.’’ घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. पाहुण्यांसमोर आणि कागदावर मराठी.

युसूफचाचांनी मोजून चिठ्ठी दिली: तांब्याची तार, तीन हजार किलो. बाकी बिडाचे भाग, बेअरिंगं, स्टीलचे पाइप यांचे आकडे सरळ होते. तांबं हीच मोठी चीज. आता तीन हजार किलोंची किंमत कुठल्या भावाने लावायची? वर्षभरात तांबं अनेकदा आलेलं, प्रत्येक वेळी भाव वेगळा. कॉलेजात सरांनी दोन्ही पद्धती फळ्यावर लिहून दाखवल्या होत्या. आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, तर उरलेला माल नव्या भावाचा. शेवटी आलेला आधी गेला असं धरलं, तर उरलेला जुन्या भावाचा. परीक्षेपुरत्या मी दोन्ही पाठ केल्या होत्या, पण दुसरी पद्धत मला मनातून हास्यास्पद वाटायची. नवा डबा आधी उघडणारी बाई कुठल्या घरात असते? मी एकदाही थांबले नाही. शेवटच्या दोन खरेद्या काढल्या: अठराशे किलो ब्याण्णव रुपयांनी, त्याआधीचं बाराशे अठ्ठ्याऐंशीने. दोन लाख एकाहत्तर हजार दोनशे. तो आकडा ताळेबंदाच्या कच्च्या कागदात बसवला, देणी वजा केली, हजाराने भागलं. एका शेअरला चारशे दोन रुपये वीस पैसे.

गच्चीवर आक्का पालथी मांडी घालून बिबडे उलटत होती. मी कागद घेऊन वर गेले आणि म्हणाले, ‘‘आक्का, तुन्हा दीडशेना साठ हजार तीनशे तीस!’’

तिने फडकं खाली ठेवलं. ‘‘परत सांग.’’

मी परत सांगितलं. कंपनीच्या नियमात होतं की शेअर विकायचे झाले तर आधी आतल्याच माणसाने घ्यायचे आणि किंमत ताळेबंदावरून काढायची. वसंतभाऊ घ्यायला तयार होते हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि आई मेहरूणला जाऊन आल्या. येताना आक्काच्या हातात पाटल्या नव्हत्या. पाच हजार बयाणा देऊन आली होती; सहा आठवड्यांत उरलेले शेहेचाळीस हजार दिले नाहीत तर बयाणा बुडाला.

नाना चौथ्या दिवशी आले. अंघोळ करून, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी खाऊन त्यांनी माझं पत्रक हातात घेतलं. चष्म्यातून एकेक ओळ. बोट तांब्यावर थांबलं आणि तिथेच राहिलं. मग म्हणाले, ‘‘बेरीज बरोबर शे, पोरी. पन हाऊ आपला हिसाब नही.’’

त्यांनी कपाटातून मागच्या अकरा वर्षांची पत्रकं काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येकात तांब्याच्या रकान्यात पहिली ओळ तीच: दोन हजार किलो, भाव अठ्ठावीस. त्याखाली सहाशे किलो पंचेचाळीसने, चारशे किलो साठने. एकूण एक लाख सात हजार. तेच तांबं, तेच तीन हजार किलो, आणि माझ्या आकड्यात नि त्यांच्या आकड्यात एक लाख चौसष्ट हजार दोनशेंचा फरक. त्यांच्या पद्धतीने शेअर दोनशे अडतीस रुपयांचा. आक्काचे होणार पस्तीस हजार सातशे. प्लॉटला दहा हजारांच्या वर कमी.

‘‘नाना, हे खोटं नाही का?’’ मी कॉलेजच्या मराठीत विचारलं. रागाने मी मराठीत जायची.

‘‘काय खोटं शे त्यामा?’’

‘‘अठ्ठावीसचं तांबं आता आहे कुठे?’’

‘‘आठेच शे. उद्या दखाडस.’’

त्यांनी दाखवलं. तांब्याची खोली लांबट, बोगद्यासारखी होती, एकच दार, खिडकी नाही. माल दारातून यायचा आणि दारातूनच जायचा. नवं तांबं पुढे पडायचं, म्हणून पुढचंच आधी उचललं जायचं, मागचं मागेच. युसूफचाचा पुढे कंदील घेऊन चालले, कारण दिवे गेलेले होते. तारेच्या गुंडाळ्या माणसाच्या उंचीच्या, तरटात बांधलेल्या. अगदी शेवटी भिंतीला लागून चाचांनी एक तरट बाजूला केलं. आत तांबं काळपट लाल झालं होतं. मागच्या भिंतीवर ऑइलपेंटने आकडा काढलेला: २८. चाचांनी तारेवर नखाने ओरखडा काढला, आणि त्या अंधारात एक केसाएवढी रेघ लखलखली.

‘‘यह अपनी बैठक है, बिटिया,’’ ते म्हणाले. ‘‘कंपनी खुली तब से यहीं. इसको हात नहीं लगाते. सीझन में माल नहीं आया तो इसी पे मोटर बनेगी.’’

नाना दाराशी उभे राहून मला समजावत होते. एक मोटर विकली, तिच्यात दहा किलो तांबं गेलं. ते मी अठ्ठावीसचं धरलं तर कागदावर मोठा नफा दिसतो. त्याच्यावर सरकार जवळजवळ निम्मा कर घेतं. आणि ती दहा किलोंची जागा मला ब्याण्णवने भरावी लागते, नाहीतर पुढची मोटर होत नाही. ‘‘जो खड्डा परत भरनाच पडस, तो नफा कसा म्हनू?’’ म्हणून ते गेलेल्या तांब्याला नेहमी सगळ्यात नवा भाव लावायचे. नफा कमी दिसायचा, कर कमी जायचा, पैसा आत राहायचा. त्यांनी बोट करून दाखवलं: नवी शेड, वाइंडिंगचं दुसरं यंत्र, चाचणीची टाकी. हे सगळं त्या न दिसलेल्या नफ्यातून उभं होतं. मी त्या शेडखालून रोज जात होते. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. कागदावर जी कंपनी लहान दिसत होती, ती लहान दिसत होती म्हणूनच मोठी झाली होती. हे फळ्यावर कुणी लिहिलं नव्हतं.

आता टीव्हीवर कंपन्यांच्या नफ्याचे आकडे पळताना दिसतात, नफा वाढला की शेअर चढतो, आणि घरातले टाळ्या वाजवतात. मी विचारते, माल कसा मोजलाय? कुणाला माहीत नसतं. पुढे नियम बदलले आणि नानांची पद्धत बंदच झाली, तो भाग वेगळा.

पण आक्काचं काय? माझ्या चुकीवर तिने पाटल्या मोडल्या होत्या. मी नानांना म्हटलं, या एका वर्षापुरती माझी पद्धत धरा. ते म्हणाले, वसंताला विचारतो. वसंतभाऊ संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, आणि बशी खाली ठेवून म्हणाले, ‘‘नाना, अकरा वर्षं मी याच पद्धतीवर सह्या केल्या. माझा तीनशेचा हिस्सा याच आकड्याने मोजत आलो. बँकेतून कर्ज काढलं तेही याच आकड्यावर. आणि आता तुमच्या बहिणीची वेळ आली तर पद्धत बदलायची?’’

नाना कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. ‘‘नाही बदलायची,’’ एवढंच म्हणाले. त्यांच्यावर असा संशय आयुष्यात कुणी घेतला नव्हता. आणि वसंतभाऊ वाईट माणूस नव्हते, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. त्यांनी नियमात होतं तेच मागितलं होतं.

आक्काला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, माझी चूक, दोन्ही आकडे, भिंतीवरचा अठ्ठावीस. रडेल असं वाटलं होतं. तिने ताटातला एक खडा उचलून बाहेर फेकला. ‘‘तांबं खरंच शे तठे? तू डोयाघाई देखं?’’ मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी देखं. ‘‘मंग रविवारले माले बी दखाड,’’ ती म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली.

म्हणून त्या रविवारी सगळे तांब्याच्या खोलीत जमले होते. आक्काच म्हणाली होती की चेक तिथेच घेईन. तिने पदर खोचला, चाचांच्या मागे शेवटपर्यंत जाऊन आली, हात काळे करून घेतले आणि दाराशी ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसली. वसंतभाऊंनी चेक पुढे केला.

‘‘थांब जरा, वसंता. पोरी, मन्हा दीडशेमा यातलं कितलं तांबं येस?’’

मी सांगितलं, साडेचारशे किलो.

‘‘नि वहीमा ते कितलाना शे?’’

‘‘सोळा हजार पन्नास.’’

‘‘बरं.’’ तिने वसंतभाऊंकडे पाहिलं. ‘‘मंग त्या चेकमाईन सोळा हजार पन्नास कमी कर. नि माले साडेचारशे किलो तांबं तोली दे. वहीना भावमा.’’



वसंतभाऊ हसायला गेले. ‘‘आक्का, धुळ्याला एवढं तांबं नेऊन काय करशील? हंडे घडवशील?’’

‘‘मोडवालाले इकसू. तो किलोले ब्याण्णव दी. तुम्हनी वही म्हनस सोळा हजार, तो म्हनी एकेचाळीस हजारना वर. माले तुम्हनी वहीच मान्य शे. मी कोठे नही म्हनस?’’

युसूफचाचांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी कागदावर नकळत लिहून पाहिलं: एक्केचाळीस हजार चारशे, अधिक एकोणीस हजार सहाशे पन्नास. माझ्या आकड्याहूनही सातशे वीस रुपये जास्त. आम्हा तिघांना आठवडाभर अडवून धरलेली गाठ या चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने एका वाक्यात सोडवली होती. वहीतला भाव खरा की खोटा यावर ती भांडलीच नाही. तो खरा असेल तर त्या भावाने माल द्या, इतकंच. पुढे मी पुष्कळ मोठमोठ्या लोकांची कंपनीच्या मूल्यावरची भाषणं ऐकली. याहून नेमकं कुणी बोललं नाही.

वसंतभाऊ खोलीत शेवटपर्यंत गेले आणि परत आले. ‘‘मे महिना तोंडावर आहे,’’ ते नानांना म्हणाले. ‘‘साडेचारशे किलो बाहेर गेलं तर पंचेचाळीस मोटारी बसल्या.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे तांबं द्यायचं नसेल तर त्याची आजची किंमत द्यावी लागेल.’’

‘‘आजची पूर्ण नाही,’’ नाना म्हणाले, आणि आक्काने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘हे तांबं उद्या ब्याण्णवने विकलं तर मधल्या नफ्यावर कर बसेल. तो कंपनीला भरावा लागेल. आक्कालाही तेवढा वजा धरला पाहिजे. आणि वसंता, वही बदलायची नाही. हा कागद वेगळा. पण एकदा झाला की कायमचा. उद्या तू शेअर विकलेस, मी विकले, कुणीही विकले, तरी याच कागदाने.’’

वसंतभाऊंनी बोटांवर काही मोजलं. या कागदाने आपल्या तीनशेचीही किंमत वाढते, हे गणित त्यांना तेव्हा लागलं असावं. चेहरा सैल झाला. ‘‘मांड गं पोरी,’’ ते म्हणाले.

मी खोक्यावर कागद ठेवून मांडलं. तीन हजार किलो ब्याण्णवने दोन लाख शहात्तर हजार. वहीपेक्षा वाढ एक लाख एकोणसत्तर हजार. निम्मा कर, चौऱ्याऐंशी हजार पाचशे. उरलेला निम्मा ताळेबंदात मिळवला आणि हजाराने भागलं: तीनशे बावीस रुपये पन्नास पैसे. दोनशे अडतीसही नाही आणि चारशे दोनही नाही. आकडा खरा कसा ठरतो हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यासाठी माणसांना समोरासमोर उभं राहावं लागतं, हे मला नवं होतं.

‘‘आक्का,’’ मी म्हणाले, ‘‘मी सांगितलं होतं त्यापेक्षा अकरा हजार नऊशे पंचावन्न कमी आहेत.’’

‘‘त्या कोना शेतस?’’

‘‘सरकारचे. आणि ते अजून मागितलेलेच नाहीत.’’

‘‘मंग माले कसाले पाह्यजे?’’ ती म्हणाली आणि काळे हात पदराला पुसून वसंतभाऊंपुढे केले.

सगळे बाहेर पडल्यावर युसूफचाचा कुलूप लावता लावता थांबले. ‘‘बिटिया, मेरे दस का कितना हुआ?’’

‘‘तीन हजार दोनशे पंचवीस.’’

त्यांनी आकडा दोनदा पुटपुटला, कुलूप ओढून पाहिलं, आणि नेहमीपेक्षा एकदा जास्त ओढून पाहिलं. त्यांनी शेअर विकले नाहीत.

वसंतभाऊंनी आक्काला दिले ते असे: त्या रविवारी चेकने पस्तीस हजार सातशे, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात केळीवाल्यांची वसुली आल्यावर बारा हजार सहाशे पंच्याहत्तर. एकूण अठ्ठेचाळीस हजार तीनशे पंच्याहत्तर. त्यातले शेहेचाळीस हजार आक्काने मुदतीच्या पाच दिवस आधी मेहरूणच्या प्लॉटवाल्याला स्वतःच्या हाताने मोजून दिले, आणि पावतीवर स्वतःचं पूर्ण नाव लिहून घेतलं.